मोडलेले कान

पृथ्वीनं समर्थला मारलं ते माझ्या डोळ्यांदेखत, सकाळी सव्वासहाला, आणि मी तीनदा ‘सोड’ म्हणून ओरडलो होतो.

तालमीत या ‘सोड’ला किती वजन असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, मास्तरांचं ऐकत नाहीत, पण हौद्यात, कुस्तीच्या मातीत, वस्ताद ‘सोड’ म्हणाला की पकड सुटते. डाव अर्ध्यात असला तरी सुटते. मी, हिंदुराव नाईकवडी, गेली अठ्ठावीस वर्षं आमच्या गावच्या तालमीचा वस्ताद आहे. माझ्या ‘सोड’नंतर कुणाची बोटं आवळलेली राहिली असं तोवर कधी झालं नव्हतं.

त्या सकाळी दोघांची सरावाची लढत चालली होती. पृथ्वी आवटी तेवीस वर्षांचा, ब्याण्णव किलोचा, राज्याच्या किताबासाठी तयार होत असलेला. समर्थ मोरबाळे त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याचा जोडीदार, त्याच्याच ताटात जेवणारा. समर्थ पाय धरून पट काढायला खाली वाकला, पृथ्वीनं त्याची मान बगलेत घेतली. इथवर रोजचंच. समर्थनं मातीवर तळवा आपटला. म्हणजे झालं, हरलो, सोड. पृथ्वीनं सोडलं नाही. त्यानं समर्थला मानेनं उचललं आणि हौद्याच्या दगडी कडेवर आपटलं. परत उचललं, परत आपटलं. तिसऱ्या वेळेला समर्थचे दोन्ही हात लोंबत होते, आणि तांबड्या मातीत रक्त कुठं आणि माती कुठं हे कळत नव्हतं.

मी काठी घेऊन पृथ्वीच्या पाठीत हाणली. काठी मोडली. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, पण मला ओळखलं नाही. माझ्या कमरेला मिठी मारून त्यानं मला भिंतीवर भिरकावलं आणि माझ्या दोन बरगड्या गेल्या. मग पाच जण त्याच्या अंगावर पडले. त्यातल्या एकाच्या अंगठ्याचं पेर त्यानं दातानं तोडलं. तीन-चार मिनिटं हे चाललं असेल. मग एकाएकी त्याच्या अंगातला जोर गेला. तो मातीत फतकल मारून बसला, तोंडावरचं रक्त आपल्याच हातानं पुसलं आणि मला म्हणाला, “वस्ताद, समर्थ असा का निजलाय ओ?”

मी तसाच उठून त्याच्या थोबाडीत दिली. आज सांगताना लाज वाटते, पण दिली.

पोलिसांपुढं पृथ्वीनं काही नाकारलं नाही. “सगळी म्हणत्यात मीच मारला, तर मीच मारला असंल,” एवढंच तो म्हणत राहिला. गावानं दोन दिवसांत कारणं शोधली. कुणी म्हणालं पोरीवरनं भांडण, कुणी म्हणालं किताबाचा हेवा. सगळी बडबड. त्या दोघांत हेवा असता तर मला कळला असता. पोरं एकमेकांवर डूख धरून असली की लढतीत त्याचा वेगळाच वास येतो.

आता त्या सकाळी पृथ्वीच्या कानांमागं होती त्या पट्टीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं नुसती मारामारी आहे.

याच्या चार महिने आधी पुण्याच्या एका कंपनीचे दोन साहेब तालमीत आले होते. बोटभर रुंदीची प्लास्टिकची पट्टी, डोक्यामागून वळसा घालून दोन्ही कानांच्या पाठीमागं बसणारी. तिच्यातून रेडिओलहरी निघतात, मोबाइलच्या असतात त्याच जातीच्या. त्या कवटीतून आत जातात, काही परत फिरतात, आणि परत आलेल्या लहरींवरून यंत्राला समजतं की मेंदूत रक्त कुठं धावतंय, पैलवानाचा तोल कुठं चाललाय, समोरच्याची हालचाल ओळखायला त्याला किती वेळ लागला. सराव झाला की सगळं मोबाइलवर बघायचं आणि चूक सुधारायची. “वस्ताद, महिन्याभरात तुमचा पैलवान पाव सेकंद आधी हलायला लागेल,” साहेब म्हणाला. पाव सेकंदात माणूस आकाश बघतो हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी हुरळलो. अठरा पट्ट्या फुकट ठेवून घेतल्या.

प्रत्येक पोराचा एक अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: कानाला जुनी इजा आहे का? मी अठराच्या अठरा अर्जांवर ‘नाही’ लिहिलं.

पैलवानाचा कान बघितलाय का तुम्ही जवळून? मातीत घासून, डोक्याला डोकं भिडून पाळीत रक्त साकळतं, ते तसंच घट्ट होतं, आणि कानाची सगळी वळणं बुजून त्याचं कांदाभजं होतं. शहरातली माणसं बघून हळहळतात. माझा पहिला कान मोडला तेव्हा माझ्या बापानं तालमीत पेढे वाटले होते. नथ घातलेल्या बाईला कुणी ‘नाकाला जखम आहे का’ विचारतं का? मी खोटं लिहिलं नव्हतं. इजा म्हणजे मोडकं काहीतरी, आणि कान ही तर आमची कमाई.

पण त्या कानांवर पट्टी नीट बसेना. लढतीत सरकायची, आणि सरकली की टुंई टुंई करून डोकं उठवायची. मग मी आपली अक्कल चालवली. जुन्या लंगोटाच्या चिंध्या फाडल्या आणि कपाळावरून मागं नेऊन पट्टी करकचून बांधली. प्रत्येकाला मी माझ्या हातानं बांधत होतो, रोज पहाटे. टुंई टुंई थांबली. मला वाटलं, कंपनीच्या इंजिनिअरांना जमलं नाही ते हिंदुरावानं करून दाखवलं.

डॉक्टर सबिहा मुजावर मिरजेच्या. मेंदूच्या डॉक्टर. कोर्टानं पृथ्वीला तपासायला त्यांच्याकडं पाठवलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पहिल्या पाच मिनिटांत माझे कान हातानं चाचपून बघितले. बाईमाणसानं कान धरलेले मला शाळेनंतर पहिल्यांदाच.

“पट्टीला एक छोटी टिकली आहे,” त्या म्हणाल्या. “ती कानाच्या वरच्या घडीत बसायला हवी. कातडीला टेकली की यंत्र समजतं, आपण जागेवर आहोत, लहरी मंद ठेवायच्या. टेकली नाही तर समजतं, आपण लांब आहोत, लहरी वाढवायच्या. लांबच्या माणसाशी आपण मोठ्यानं बोलतो ना, तसं. तुमच्या पोरांच्या कानाला घडीच नाही. टिकली हवेतच राहिली. आणि लहरी सोडणारा भाग मात्र तुम्ही चिंधीनं हाडावर दाबून ठेवलात.”

“म्हंजे कानात तोंड घालून बोंबलण्यासारखं झालं,” मी म्हणालो.

“रोज चार तास. चार महिने.”

मग त्यांनी कागदावर डोकं काढून दाखवलं. मेंदू कवटीत उघडा नसतो. त्याला तीन आवरणं असतात, आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बाकी शरीरातल्यासारख्या सैल नसतात. पेशीला पेशी इतकी घट्ट चिकटलेली असते की रक्तातलं निवडक तेवढंच आत जातं. साखर जाते, प्राणवायू जातो. रक्तातली प्रथिनं जाता कामा नयेत, कारण हाताला, पायाला जे रक्त पोसतं तेच मेंदूच्या पेशींना थेट लागलं तर त्या चिडतात, भलत्या वेळी पेटायला लागतात. पट्टीच्या लहरींच्या धक्क्यांनी आणि उबेनं कानाच्या वरच्या बाजूची ती भिंत उसवली असणार, असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यांची भिंत सारखी घट्ट नसते, त्या म्हणाल्या, कुणाची महिन्यात उसवते, कुणाची वर्षातही नाही. तिथंच आत बदामाएवढा एक गोळा असतो. भीती आणि राग तिथून सुटतात. त्यात कुस्तीत जोर लावताना श्वास कोंडला की डोक्यातला दाब वाढतो, गळती वाढते, आणि तो बदाम एकदम पेट घेतो. माणूस तेव्हा चिडलेला नसतो, त्याला झटका आलेला असतो. फिट येऊन माणूस हातपाय झाडतो, तसा पृथ्वी मारत होता.

“मोबाइलनं पण असं हुतंय व्हय?”

“अशा लहरींवर पन्नास वर्षं भांडण चाललंय आणि ठाम असं काही हाती आलेलं नाही. मी स्वतः फोन कानाला लावून बोलते. ही गोष्ट निराळी आहे, याची ताकद निराळी आहे. पण वस्ताद, माझ्याकडे पुरावा नाही. पृथ्वी माझ्याकडे आला तेव्हा पट्टी काढून पाच आठवडे झाले होते. भिंत परत सांधली गेली. फोटोत काही दिसत नाही. कंपनी म्हणते, पोरगा मुळातच रागीट. उंदरांवर प्रयोग करायचा तर उंदराला मोडलेला कान कुठून आणू?”

मी त्यांच्या टेबलावर वाकलो आणि माझे दोन्ही कान पुढं केले.

त्या चिडल्या. असा प्रयोग माणसावर करायची परवानगी कुणी देणार नाही, असं त्यांनी मला चांगलं सुनावलं. मी म्हटलं, मी परवानगी मागायला आलोच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला पट्टी बांधायला सांगणार नाही. उद्या तुम्ही आजारी पडून आलात तर दार लावून घेणार नाही, एवढंच.” जुन्या पैलवानांच्या डोक्यांची तपासणी त्या आधीपासून करतच होत्या. त्या यादीत त्यांनी माझं नाव घातलं, त्या दिवशीचा मेंदूचा फोटो काढला आणि भरायला एक अर्ज दिला.

त्यात विचारलं होतं: घरात किंवा बाहेर कधी कुणावर हात उचलला आहे का?

मी ‘नाही’ लिहिलं. कानाच्या अर्जावर लिहिलं होतं ते अडाणीपणानं. हे खोटं होतं आणि ते मला लिहितानाच ठाऊक होतं. शालनवर, माझ्या बायकोवर, मी दोनदा हात उचलला होता. पण खरं लिहिलं असतं तर माझ्या डोक्याचा पुरावा म्हणून काय उपयोग? मी आधीपासूनच मारका ठरलो की कंपनी सुटली आणि पृथ्वी जन्माचा आत. असा हिशोब करून मी सही ठोकली. खरं सांगायचं तर, त्या बाईंनी ते वाचलेलं मला नको होतं, हेही होतं.

आमच्या पट्ट्या कंपनीनं लगेच उचलून नेल्या होत्या, म्हणून पलीकडच्या गावच्या तालमीतून एक पट्टी मागून आणली. तिथली पोरं अजून वापरतच होती. तालमीच्या मागची सामानाची खोली रिकामी केली, तिला गज होतेच. अंगठ्याचं पेर गेलेला तो पैलवान, सर्जेराव, त्याला सांगितलं, बाहेरनं कुलूप लाव, जेवण गजातनं दे, आणि मी आत काय वाटेल ते बोललो तरी दार उघडायचं नाही. शालनला गारगोटीला तिच्या भावाकडं जायला सांगितलं.

“किती दिस?” तिनं विचारलं.

“महिना धर.”

“आणि तुमास्नी काय झालं तर?”

“काय झालं तरच पोरगं सुटणार हाय.”

तिनं पिशवी भरली. भांडली नाही. पृथ्वीला तिनं चौदाव्या वर्षापासून जेवू घातलं होतं.

पहिले आठ दिवस काही झालं नाही. मी रोज चार तास पट्टी बांधून जोर-बैठका मारायचो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कोंडलेल्या बैलासारखा घुसमटत. नवव्या दिवसापासून डोक्यात टिकटिक ऐकू यायला लागली. घड्याळ नव्हतं त्या खोलीत. हे मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, लहरींच्या प्रत्येक ठोक्याला आतलं मांस कणभर गरम होऊन फुगतं, आणि ती थाप कानाच्या आतल्या भागाला ऐकू जाते. त्यांनी पट्टी सोडा म्हणून सांगितलं. मी फोन बंद केला.

चौदाव्या दिवशी मी गजातून आलेली भाकरी सर्जेरावच्या तोंडावर फेकली. का, ते आठवत नाही. सोळाव्या दिवशी भिंतीला डोकं आपटत होतो म्हणे. मला वाटत होतं मी झोपलोय.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी शालन आली. सर्जेरावानं तिला फोन करून सांगितलं होतं की वस्ताद हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, जमिनीवर पडून आहेत. तिनं गजातून बघितलं. माझ्या तोंडाला फेस होता. तिनं किल्ली मागितली. सर्जेराव म्हणाला, वस्तादांनी नको सांगितलंय. ती म्हणाली, “तुझा वस्ताद मेल्यावर कुणाचं ऐकणार हाईस?” आणि त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली.

पुढचं मला आठवत नाही. जे सांगतो ते सर्जेरावानं आणि तिनं सांगितलेलं.

तिनं माझं डोकं मांडीवर घ्यायला हात घातला. मी डोळे उघडले, तिचा डावा हात धरला आणि ढाक लावून तिला खांद्यावरून जमिनीवर टाकलं. बावन्न वर्षांची बाई, पंचेचाळीस किलोची. ब्याण्णव किलोच्या गड्याला टाकावं तशी टाकली. तिचा हात कोपरापासून मोडला. मग छातीवर गुडघा देऊन मी तिच्या तोंडावर ठोसे मारले. जबडा गेला, डाव्या डोळ्याखालचं हाड आत बसलं. सर्जेराव माझ्या पाठीवर पडला, त्याला मी मागं न बघता झटकून टाकलं. आरडाओरडा ऐकून आणखी दोन पोरं दारात आली आणि तिथंच थिजली. माझी बोटं तिच्या गळ्याभोवती होती. कोपऱ्यात लाकडी जोडी होती, फिरवायची, दहा-दहा किलोची. तिनं उजव्या हातानं चाचपडत त्यातलं एक लाकूड ओढलं आणि पडल्यापडल्या माझ्या कानशिलाच्या खाली, मानेवर घातलं.

मी कोसळलो. पोरं पट्टी सोडवायला धावली. शालनच्या तोंडातून रक्त येत होतं, जबडा हलत नव्हता, तरी तिनं हातानं खुणावून त्यांना थांबवलं. सर्जेरावला तिचं बोलणं कळायला दोन वेळा ऐकावं लागलं. “सोडू नगा. अशीच ऱ्हाऊ द्या. मिरजंला न्या. आत्ताच्या आत्ता, डोस्कं तापलंय तंवर.”

एकाच गाडीतून आम्हाला दोघांना नेलं. मला दोरीनं बांधून, तिला टेकून बसवून.

तासाभरात माझ्या मेंदूचा फोटो काढला. रक्तात एक औषध सोडतात, ते रक्तवाहिन्यांच्या आतच राहायला हवं. माझ्या दोन्ही कानांच्या वर ते बाहेर झिरपलेलं होतं, टिपकागदावर शाई पसरावी तसं. पट्टीच्या यंत्रात लहरींची ताकद वरच्या टोकाला भिडलेली नोंदली गेली होती. महिन्यापूर्वीचा माझाच स्वच्छ फोटो शेजारी होता. डॉक्टर मुजावरांनी मला ते दोन्ही दाखवले आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी शालनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “आत ऑपरेशन चाललंय. डाव्या डोळ्याचं सांगता येत नाही.”

मी ढसाढसा रडलो. तरी मनाच्या एका कोपऱ्यात मला हलकं वाटत होतं, हेही लपवत नाही. पुरावा मिळाला होता. पोरगं सुटणार होतं.

चार महिन्यांनी खटला उभा राहिला. सरकारी वकील हुशार होते, आणि त्यांच्या मागच्या बाकावर कंपनीचे तज्ज्ञ बसून चिठ्ठ्या पुढं सरकवत होते. डॉक्टरांची साक्ष दोन दिवस चालली. फोटो नाकारता येत नव्हते, तेव्हा वकिलांनी दुसरीकडून डाव टाकला. गळती झाली असेल, ते म्हणाले, पण गळतीनं माणूस मारतो हे कशावरून? हिंदुराव नाईकवडी स्वभावानंच तापट नाहीत कशावरून? वस्ताद मारका, शिष्य मारका, पट्टीचा संबंध काय? डॉक्टरांनी माझा अर्ज पुढं केला. ‘नाही’ आणि खाली सही.

मग शालनला बोलावलं.

ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मी चार महिन्यांनी तिला नीट बघत होतो. डावा डोळा पांढरा पडलेला. जबडा एका बाजूला ओढलेला. हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. समोरच्या बाजूला पृथ्वी उभा होता, वीस किलो उतरलेला, मान खाली घालून. तो तिच्याकडं बघत नव्हता.

“तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?” वकिलांनी विचारलं.

“तेहतीस.”

“या घटनेच्या आधी तुमच्या नवऱ्यानं तुमच्यावर कधी हात उचलला होता? शपथेवर सांगा.”

मी मनात म्हणत होतो, शालन, नाही म्हण. पोरासाठी तरी नाही म्हण. तिनं पृथ्वीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“व्हय,” ती म्हणाली. “चारदा.”

मला दोनदा आठवत होतं.

कोर्टात कुजबुज झाली. डॉक्टर मुजावरांनी मान फिरवून माझ्याकडं बघितलं, आणि मला मातीत तोंड खुपसावंसं वाटलं. वकिलांनी हातातला माझा अर्ज उंच धरला. “म्हणजे हे खोटं आहे. म्हणजे हा माणूस पहिल्यापासूनच मारणारा आहे. मला आणखी काही विचारायचं नाही.”

“पण मला सांगायचं हाय,” शालन म्हणाली. तिचं बोलणं जबड्यामुळं सावकाश यायचं. “सायेब, इचारलंयसा तर सगळं ऐका की.”

न्यायाधीश बाईंनी तिला बोलू दिलं.

“त्या चार वेळंला ह्यांनी कसं मारलं ते सांगतो. मारायच्या आदी दाराला कडी लावली. मारलं ते पाठीवर, दंडावर, पदराखाली झाकंल असं. तोंडावर एकदा बी न्हाई. सासूबाई दारात खाकरल्या की हात थांबला. राग आल्यावर ज्याला कडी लावायचं सुचतंय, त्याचं डोस्कं ठिकाणावर असतंय. मला मारालाय हे त्येंला ठावं हुतं. म्हणून तर लपवून मारत हुते.”

एवढं बोलून तिनं दम घेतला.

“ह्या वेळंला दार सताड उघडं. तीन पोरं बघत हुती. तोंडावर मारलं. मी ह्यांचं नाव घेतलं, थांबले न्हाईत. बायकू म्हणून मारलं न्हाई मला. मी कोण हाय तेच ठावं न्हवतं. त्येंचं डोळं मी तेहतीस वर्सं बघतोय, रागातलं बी बघितल्यात. हे त्येंचं न्हवतं. ह्या पोराचं बी तसंच झालं असणार. न्हाईतर समर्थला मारायचं असतं तर ह्यो कडी लावला असता.”

ती खाली उतरली. वकील खाली बसले. चिठ्ठ्याही थांबल्या होत्या.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की या खटल्यातली सगळ्यात विश्वासार्ह साक्ष शालन नाईकवडी यांची आहे, कारण स्वतःच्या घराची अब्रू राखण्यासाठी त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलेलं नाही. पृथ्वी खुनाच्या आरोपातून सुटला. राज्यातल्या सगळ्या तालमींतून पट्ट्या काढायचा हुकूम निघाला. माझ्या खोट्या अर्जाबद्दल माझ्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला, तो होणारच होता. पृथ्वी कोर्टातून निघाला तो घरी गेला नाही. मोरबाळ्यांच्या दारात जाऊन बसला. समर्थच्या आईनं तिसऱ्या दिवशी त्याला आत घेतलं, असं मला सर्जेरावनं सांगितलं.

निकाल लागला त्या दुपारी मी शालनला एसटी स्टँडवर गाठलं. ती गारगोटीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसली होती. मी शेजारी बसलो. जे महिनोन् महिने घोकत होतो तेच बोललो.

“शालन, त्ये मी केलं न्हाई. पट्टीनं केलं. तू सोता कोर्टात सांगितलंस.”

“व्हय,” ती म्हणाली. “त्ये पट्टीनंच केलं. त्येचा राग न्हाई मला. हात मोडला, डोळा गेला, त्येचा बी न्हाई.”

“मग चल की घरला.”

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. उजवा डोळा मला नीट बघत होता.

“आदीच्या चार वेळंला तुमच्या कानावर काय बांधलं हुतं?”

गारगोटीची गाडी लागली. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला. तिनं ती उचलून मोडक्या हाताच्या कोपरात अडकवली, दुसऱ्या हातानं दाराची दांडी धरली आणि वर चढली.